साडेअकराच्या खाली

महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत माणसाच्या वेगाची मर्यादा कागदावर ठरून गेलेली आहे. मैदानी चाचणी ५० मार्कांची. पुरुषांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५. १०० मीटर ११.५० सेकंदांत किंवा त्याच्या आत काढलं की पंधरापैकी पंधरा; वर गेलात की एकदम बारा. आणि ११.५० च्या खाली कितीही उतरलात तरी पंधराचे सोळा होत नाहीत. उद्या उसेन बोल्ट भरतीला आला आणि ९.५८ काढून दाखवले तरी मार्क पंधराच, वर १६०० ला तो मार खाणार ते वेगळंच.

हे गणित मला माझ्या भाच्यानं समजावलं. तो दोन वर्षांपासून भरतीच्या मागे आहे. "मामा, साडेअकराच्या खाली पळून कुणाला दाखवायचंय?" असं तो विचारतो, आणि त्याच्या जागी ते रास्तच आहे. मला मात्र त्या साडेअकराच्या खालच्या दोन सेकंदांचंच वेड आहे.

वेड जुनं. १९८८ च्या सप्टेंबरात आमच्या चाळीत एकच रंगीत टीव्ही होता आणि त्यावर सोल ऑलिंपिकची १०० मीटरची शर्यत लागली होती. बेन जॉन्सन अंतिम रेषेच्या आधीच हात वर करून मोकळा झाला. ९.७९. तीन दिवसांनी बातमी आली, की त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, पदक काढून घेतलं, वेळ खोडली. जे डोळ्यांनी बघितलं ते झालंच नाही, असं पेपरात छापून आलं. औषध घेऊन का होईना, माणसाचं शरीर तेवढं पळालं होतं, हे काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे ११ वर्षांनी मॉरिस ग्रीननं अथेन्सला विक्रम केला, तो बरोबर तेवढाच. ९.७९. म्हणजे खोडलेला आकडा शेवटी वहीत आलाच.

पुरुषांच्या १०० मीटरचा पहिला अधिकृत विक्रम १९१२ चा, डॉनल्ड लिपिंकॉटचा, १०.६. जेसी ओवेन्सनं १९३६ मध्ये १०.२ केला. १९६० मध्ये जर्मनीच्या आर्मिन हारीनं सरळ १०.० लावला, १९६८ मध्ये जिम हाइन्सनं मेक्सिको सिटीत ९.९५, आणि १६ ऑगस्ट २००९ ला बर्लिनमध्ये बोल्टनं ९.५८. जवळजवळ शंभर वर्षांत एक सेकंद. त्यातही जुने आकडे हातातल्या स्टॉपवॉचचे. बंदुकीचा आवाज ऐकून अंगठा दाबायला माणसाला जो उशीर होतो, तो धावणाऱ्याच्या फायद्यात जातो. म्हणून हातानं घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून तुलना करतात. १९७७ पासून तर फक्त इलेक्ट्रॉनिक वेळेचाच विक्रम धरतात. हा हिशेब लावला तर शंभर वर्षांतला तो एक सेकंद उलट थोडा कमीच धरलेला निघतो.

मला त्या यादीत माणसांपेक्षा जमीन जास्त दिसते. ओवेन्स कोळशाच्या चुऱ्याच्या ट्रॅकवर पळाला. सुरुवातीला पाय रोवायला त्यानं खुरपीनं स्वतः खड्डे खणले होते. मेक्सिको सिटीचं ऑलिंपिक हे सिंथेटिक ट्रॅकवरचं पहिलं ऑलिंपिक, शिवाय शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच, हवा विरळ. हाइन्सचा विक्रम तिथे झाला आणि पुढे १५ वर्षं हलला नाही. तो मोडला कॅल्विन स्मिथनं, १९८३ मध्ये, ९.९३ ला, तोही कोलोरॅडो स्प्रिंग्जला, म्हणजे पुन्हा डोंगरावरच.

आमच्या सोलापूरला उंची नाही, पण उन्हाळा आहे. तापलेली हवाही विरळ असते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा आठेक टक्क्यांनी हलकी भरते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे पळणाऱ्याला हवा कमी अडवते, हे शास्त्रशुद्ध खरं आहे. पळणारा सापडला पाहिजे एवढंच.

आता मुख्य प्रश्न. माणूस एका हद्दीच्या पुढे वेगानं का पळू शकत नाही?

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेलो की मी धोट्याकडे, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याकडे, बघत बसायचो. धोटा एका बाजूनं हाणायचा, दुसऱ्या बाजूला अडवायचा, थांबवायचा, पुन्हा उलटा हाणायचा. मालकानं कितीही घाई केली तरी त्या मागाचा वेग एका हद्दीपुढे जात नाही. जास्त ताणलं तर सूत तुटतं, नाहीतर धोटा उडून कुणाच्या तरी अंगावर येतो. मला कित्येक वर्षं वाटायचं की पायाचंही असंच असणार. पाय पुढे फेकायचा, थांबवायचा, मागे ओढायचा. चाकासारखं एका दिशेनं फिरत राहायचं सुख त्याला नाही. जो हा धोटा सगळ्यात भराभर फिरवेल तो सगळ्यात वेगवान.

मोठमोठे लोकही साधारण याच वाटेनं विचार करत होते. स्नायूंवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात धावपटूंच्या अंगावर चुंबक बांधून, धावपट्टीच्या कडेला तारांची वेटोळी ठेवून त्यांचा वेग मोजला होता. धावपटू वेटोळ्याजवळून गेला की विजेचा काटा हलायचा. स्नायूच्या आतच एक चिकटपणा आहे आणि तो वेगाला अडवतो, असं त्यांचं तेव्हाचं म्हणणं होतं. ते पुढे टिकलं नाही.

आणि २००० साली पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माझ्या धोट्याचीही वाट लावली. त्यांनी ३३ जणांना ट्रेडमिलवर प्रत्येकाच्या कमाल वेगानं पळवलं. त्यांत सेकंदाला ६.२ मीटर पळणारेही होते आणि ११.१ मीटर पळणारेही. पाय उचलून पुन्हा पुढे आणायला लागणारा वेळ मोजला, तर तो सगळ्यांचा जवळपास सारखाच निघाला. हळू पळणारा पाय हवेत हळू फिरवतो, असं काही नव्हतंच. फरक होता तो पाय जमिनीवर असतानाचा. वेगवान धावपटू जमिनीला जास्त जोरानं हाणत होते, आणि तेही कमी वेळात.

म्हणजे माग इथे उपयोगाचा नाही. सगळ्यांचा धोटा सारखाच फिरतो, कापड मात्र कुणाचं जास्त निघतं.

हे वाचल्यावर मी भाच्याच्या ग्राउंडवर जायला लागलो. विजापूर रोडच्या बाजूला पहाटे पोरं जमतात. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडची. रूम करून राहणारी, गावाकडून एसटीनं भाकरीचा डबा येणारी. फक्की मारून दोन पट्टे आखलेले असतात. फक्की संपली की काठीनं रेघ. मुली वेगळ्या गटात पळतात, आणि खरं सांगायचं तर त्या वेळेवर येतात.

रात्री पाऊस पडून मुरूम बसलेला असला की पायांचे ठसे नीट वाचता येतात. पहिल्या दहा मीटरांत ठसे जवळजवळ आणि खोल. चवड्यानं उकरलेली माती मागे फेकलेली, प्रत्येक ठशामागे एक छोटा ढीग. तिसाच्या पुढे ढीग नाहीसे होतात. साठाच्या आसपास बघितलं तर टाचेचा पत्ताच नसतो. चवड्याची एक अर्धवट चपटी खूण, पुढच्या कडेला जरा दाबलेली, आणि मग लांबवर काहीच नाही, थेट पुढचा ठसा. ऐंशीच्या पुढे काही पोरांच्या ठशांत टाच पुन्हा दिसायला लागते. त्यांचा दम तिथे गेला, हे स्टॉपवॉच न बघता सांगता येतं. भाचा ठशांमधलं अंतर पावलांनी मोजतो. मी त्याला सांगितलं, बोल्टनं ती अख्खी शर्यत ४१ पावलांत संपवली होती. तो म्हणाला, "त्याची उंची बघा की मामा." उंची १.९५ मीटर. खरं आहे, पण तेवढंच नाही.

त्या चपट्या खुणेत सगळी गोष्ट आहे. पूर्ण वेगात असताना चांगल्या धावपटूचा पाय जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ टेकतो. तेवढ्यात त्याला शरीर पुन्हा हवेत उडवायचं असतं. त्यासाठी लागणारा जोर क्षणभर शरीराच्या वजनाच्या चौपट-पाचपट जातो. सत्तर किलोच्या पोराच्या एका पायावर तीनशे किलोंवर भार, आणि तोही पापणी लवायच्या आत. जितकं वेगानं पळाल तितका पाय जमिनीवर कमी वेळ राहणार, कारण तुम्ही त्याच्यावरून पुढे निघून जाता. आणि स्नायूची गोची अशी, की पुरा जोर चढायला त्याला वेळ लागतो, आणि तो जितका भराभर आखडतो तितका त्याचा जोर उतरतो. हे दुसरं सूत्र पुन्हा हिल यांचंच, १९३८ चं. वेग वाढला की जोर जास्त हवा, वेळ मात्र कमी. एका वेगाला दोन्हींची तोंडमिळवणी होईनाशी होते. तीच त्या माणसाची हद्द.

बोल्टची हद्द बर्लिनमध्ये ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात दिसली. ते २० मीटर त्यानं १.६१ सेकंदांत काढले. ताशी ४४ किलोमीटरच्या वर. आपल्या सात रस्त्याच्या चौकात संध्याकाळी एवढ्या वेगानं मोटारसायकल काढून दाखवावी कुणी. आणि हा माणूस दोन्ही पायांनी सारखा पळत नव्हता. वेयंड यांच्याच गटानं नंतर त्याच्या शर्यतीची चित्रफीत तपासली, तर उजवा पाय जमिनीला डाव्यापेक्षा १३ टक्के जास्त जोरानं हाणत होता आणि डावा १४ टक्के जास्त वेळ टेकत होता. आमच्या ग्राउंडवर एक अकॅडमीवाले सर आहेत, ते प्रत्येक पोराच्या मागे लागतात, "दोन्ही पाय सारखे टाक, सारखे टाक." मी त्यांना हे सांगायला गेलो नाही. सांगून ऐकणाऱ्यातले ते नाहीत.

२०१० मध्ये याच संशोधकांनी आणखी एक गंमत केली. लोकांना ट्रेडमिलवर एका पायानं लंगडी घालायला लावली, तीही जितक्या वेगानं जमेल तितक्या. लंगडीत पाय जमिनीला पळण्यापेक्षा ३० टक्के आणि त्याहूनही जास्त जोर देतो, असं दिसलं. म्हणजे पायात जोर शिल्लक असतो. पळताना तो लावायला वेळ पुरत नाही. स्नायू जर लागेल तितक्या झटपट आखडू शकले, तर माणूस ताशी ५६, कदाचित ६४ किलोमीटरनं पळू शकेल, असं त्यांनी गणित मांडलं. वर्तमानपत्रांनी त्यातलं ६४ उचललं आणि 'जर' टाकून दिलं. सगळी अडचण त्या 'जर'मध्येच आहे. तसे स्नायू ज्याच्याकडे आहेत तो माणूस मला तरी अजून कुठे दिसलेला नाही. पण लंगडीत आपण पळण्यापेक्षा जास्त जोर लावतो, ही गोष्ट शाळेच्या पटांगणात लंगडी खेळून मोठ्या झालेल्या माणसाला वाचून फार बरं वाटतं.

दुसरी वाट आकडेवारीची. मार्क डेनी या शास्त्रज्ञानं २००८ मध्ये घोडे, शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे आणि माणसं यांच्या वर्षानुवर्षांच्या सर्वोत्तम वेळा तपासल्या. घोडे आणि कुत्रे कधीच थांबलेत. सेक्रेटॅरिएट नावाच्या घोड्यानं १९७३ मध्ये केंटकी डर्बीत लावलेला विक्रम आजही उभा आहे. मधल्या काळात पैदास, खुराक, औषधपाणी यांवर किती पैसा ओतला गेला असेल त्याची गणतीच नको. माणसाचा आलेखही असाच सपाट होत जाणार, असं धरून डेनीनं पुरुषांच्या १०० मीटरची शेवटची हद्द काढली, ९.४८ सेकंद. त्या वेळी विक्रम ९.७ च्या आसपास होता. पुढच्याच वर्षी बोल्टनं त्यातलं बरंचसं अंतर खाऊन टाकलं, आणि त्यानंतर मात्र दुसरं कुणी ९.५८ च्या जवळही आलेलं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोआ लाइल्स ९.७८४ ला जिंकला आणि किशेन थॉम्पसन ९.७८९ ला हरला. सेकंदाच्या पाच हजारांशांचा फरक.

९.४८ हा आकडा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझी तेवढी पोच नाही. पण घोड्यावरून माणसावर येताना एक गोष्ट निसटते. शर्यतीचा घोडा जन्मतो तोच मोजला जाण्यासाठी. त्याचा बाप कोण, आजा कोण, याची वही असते, आणि पळू शकणारा प्रत्येक घोडा कधी ना कधी घड्याळासमोर येतोच. माणसांचं तसं आहे का? आलेखावर ठिपका उमटतो तो ट्रॅकपर्यंत पोचलेल्याचा. जो पोचलाच नाही तो आलेखात नाही. माणसाच्या वेगाची हद्द म्हणून आपण जी सांगतो, ती मुळात मोजल्या गेलेल्या माणसांची हद्द आहे.

मोजणंही सरळ नाही. फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा १०.४९ हा महिलांचा विक्रम १९८८ पासून अढळ आहे. ती शर्यत झाली तेव्हा तिच्या धावपट्टीजवळचं वाऱ्याचं यंत्र शून्य दाखवत होतं, आणि त्याच मैदानात तिहेरी उडीजवळचं यंत्र सेकंदाला ४.३ मीटर वारा. नियमात २ मीटरपर्यंतच चालतो. तरी विक्रम वहीत आहे. उलट डेव्हन ॲलन या अडथळ्यांच्या धावपटूला २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत बाद केलं, कारण बंदुकीनंतर तो ०.०९९ सेकंदांत हलला. माणूस आवाज ऐकून ०.१ सेकंदाच्या आत हलूच शकत नाही, असं नियमानं ठरवलेलं आहे. एक हजारांश सेकंद आधी हलला म्हणून तो ऐकून नव्हे, अंदाजानं निघाला असं धरलं. कदाचित खरोखर त्याचे कान तेवढे तिखट असतील. नियम ते मानायला तयार नाही.

भाच्याला हा वाऱ्याचा किस्सा सांगितला तर त्याचा पहिला प्रश्न, "मग भरतीला वारा मोजतात का?" मला माहीत असलेल्या नियमांत वाऱ्याला मार्क नाहीत. तो खूश झाला. "मग मागून वारा सुटला पाहिजे, आपलं काम झालं."

या पोरांत कुणाचं ठसे टाकणं विलक्षण आहे, हे आता मला थोडंफार कळतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातला एक जण आहे. काळा, किडकिडीत, बुटांचा तळ निघालेला. साठ मीटरवरच्या त्याच्या खुणा इतरांपेक्षा हातभर लांब पडतात आणि निम्म्यानं उथळ. मुरमावर, जिथे जमीनच थोडा जोर गिळून टाकते, तिथे. सरांच्या हातातल्या घड्याळात त्याचे ११.१ येतात. त्यात ०.२४ मिळवा, तरी तो साडेअकराच्या आतच राहतो. सरांनी त्याला सांगितलंय, तुझं शंभर झालं, आता १६०० कर. आणि गेले काही महिने तो फक्त लांबचं पळतो. झटक्याच्या स्नायूंना जो सराव लागतो त्याच्या बरोबर उलटा सराव. सरांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. पोराच्या घरी कोरडवाहू तीन एकर, त्यात ज्वारी, आणि मोठी बहीण लग्नाची. १५ मार्क खिशात आहेत, १६०० चे २० अजून यायचे आहेत.

भारताचा १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम २०२५ च्या जुलैत अनिमेष कुजूरनं ग्रीसमध्ये १०.१८ वर नेला. तो छत्तीसगडचा, आधी फुटबॉल खेळायचा, ॲथलेटिक्समध्ये उशिराच आला. त्याच वर्षी मार्चमध्ये गुरिंदरवीर सिंगनं १०.२० केला होता. आपल्याकडे शंभरचे विक्रम वर्षानुवर्षं एका जागी बसून असायचे, आणि आता काही महिन्यांत हलतात. जगाचा आलेख सपाट होत चाललाय म्हणतात, त्याच वर्षांत आपला चढतोय. एवढ्यात माणसांचे स्नायू बदलले नाहीत. ट्रॅक, परदेशातल्या शर्यती आणि मोजणारे बदलले.

मी हे सगळं त्या किडकिडीत पोराला एकदा सांगून बघितलं. कुजूर, सिंथेटिक ट्रॅक, वय अजून वीस, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, त्यात नोकरी लागते का?" मी म्हटलं, लागते, रेल्वेत, लष्करात, खेळाडूंच्या कोट्यातून, पण आधी वेळ काढावी लागते, स्पर्धा खेळाव्या लागतात. "किती?" मी राष्ट्रीय स्पर्धेत टिकायला लागणारी वेळ सांगितली. तो जरा हिशेब करत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे अजून पाऊण सेकंद. आणि इकडे सोळाशेत दहा सेकंद कमी झाले की काम होतंय." आणि बूट बांधून उरलेल्या फेऱ्या मारायला गेला.